सध्या कोणती जुनी, जाडजूड कादंबरी वाचताय?

पानखूण:
नमस्कार मंडळी. सध्या माझ्या हातात जॉर्ज एलियटची 'मिडलमार्च' आहे, निम्म्याच्या जरा पुढे आलेय. बरीच वर्षं वाचायची होती, जाडी बघून पुढे ढकलत होते, आता रोज थोडी थोडी वाचतेय आणि संपूच नये असं वाटतंय. डोरोथिया ही विशीच्या आतली मुलगी, काहीतरी मोठं काम हातून व्हावं ही तिची तळमळ, आणि ती लग्न करते पंचेचाळिशी उलटलेल्या कॅसॉबन नावाच्या विद्वानाशी, का तर त्याच्या महान ग्रंथाला आपला हातभार लागेल. ग्रंथ कसला, तर जगातल्या सगळ्या पुराणकथा ज्या एका किल्लीने उलगडतील ती किल्ली शोधायची. पुढे कळतं की जर्मन अभ्यासक त्या विषयात केव्हाच पुढे निघून गेलेत आणि ह्यांना जर्मन येत नाही!

इथपर्यंत मला त्या माणसाचा भयंकर राग आलेला. मग 29 वं प्रकरण आलं. पहिलं वाक्य डोरोथियाबद्दल सुरू होतं आणि लेखिका मधेच स्वतःला अडवते, की दर वेळी डोरोथियाच का? आणि तिथून ती सरळ कॅसॉबनच्या मनात शिरते. आपल्या कामात दम नाही असं लोक पाठीमागे बोलत असतील ही त्याची धास्ती, लग्न करून सुख मिळेल असं वाटलेलं आणि ते जाणवतच नाहीये, हे सगळं इतकं नीट मांडलंय की माझा राग कुठल्या कुठे गेला. कादंबरीच असं करू शकते असं मला मनापासून वाटतं.

तर तुम्ही काय वाचताय? नुसतं नाव नको, कुठल्या जागेने धरून ठेवलं तेही लिहा. आणि एवढी मोठी पुस्तकं सलग वाचता की तुकड्यातुकड्याने? 'मिडलमार्च' मुळात 1871-72 मध्ये 8 भागांत वर्षभर येत होती, म्हणून मीही एक भाग झाला की दोन-चार दिवस थांबते आणि मगच पुढचा उघडते, हे फार मानवलंय मला.

जुनीपानं:
मस्त धागा. मी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' वाचतोय. तीही हप्त्यांचीच, 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकात येत होती, आणि लिहायला घेतली तेव्हा हरिभाऊ 26 वर्षांचे होते हे वाचताना सारखं आठवतं. पूर्ण कादंबरी यमू स्वतः सांगते, एका मुलीचं लहानपण, लग्न, सासर आणि मग वैधव्य. समाजसुधारणेवरची म्हणून सगळे तिचं नाव घेतात त्यामुळे भाषणबाजी असेल असं वाटतं, पण तसं अजिबात नाही हो. यमू घरातलं बोलते, कोण कुणाला काय म्हणालं, कोण रुसलं, दादाने काय समजावलं. आणि ते नवरा-बायकोचे चांगले दिवस, रघुनाथराव तिला वाचायला प्रोत्साहन देतात तो भाग, ते इतकं मोकळेपणाने आलंय की पुढे शंकरमामंजींचा विषय निघाला की पोटात गोळा येतो. पुढचं सांगत नाही, ज्यांनी वाचली नाही त्यांनी वाचाच. भाषा जुनी आहे पण पहिल्या काही प्रकरणांत सवय होते, त्यानंतर अडत नाही.

सागरवाट:
मी 'मोबी डिक'. सगळे सांगतात की देवमाशांच्या माहितीची प्रकरणं गाळा आणि गोष्टीवर राहा, माझं मत अगदी उलट आहे. 32 वं प्रकरण घ्या, निवेदक इश्माएल ठरवतो की देवमासा हा मासाच, आणि मग पुस्तकांच्या आकारावरून त्यांची वर्गवारी करतो, मोठ्या पानांचे ग्रंथ, मध्यम आणि छोटे! आणि सगळं मांडून झाल्यावर म्हणतो की ही पद्धत मी अपुरीच सोडतोय, कलोनच्या कॅथेड्रलच्या अर्धवट मनोऱ्यावर जशी क्रेन तशीच राहिलीये तसं. (कादंबरी 1851 ची, ते कॅथेड्रल पुरं झालं 1880 मध्ये, म्हणजे लिहिताना खरंच क्रेन वर होती.) एका बाजूला अहाब, ज्याला एकाच देवमाशाचा सूड घ्यायचाय, आणि दुसरीकडे हा माणूस ज्याला तो प्राणी नुसता समजून घ्यायचाय आणि ते काही पुरतं जमत नाही. ती प्रकरणं काढली तर अहाबचं वेड किती टोकाचं आहे ते कळायला मापच राहत नाही. म्हणून गाळू नका, प्लीज.

नवावाचक:
सगळ्यांचं वाचून छान वाटतंय. मी 'अ‍ॅना कॅरेनिना' सुरू केलीये पण नावांनी हैराण झालोय, एकाच माणसाला तीन-तीन नावं, कोण कुणाचं कोण लागतं तेच कळेना. काही उपाय?

पानखूण:
@नवावाचक, सोडू नका! रशियन नावात मधलं नाव वडिलांच्या नावावरून येतं आणि मान देऊन बोलायचं तर पहिलं आणि मधलं दोन्ही म्हणतात. म्हणून स्तेपान अर्कादयेविच म्हणजेच ऑब्लॉन्स्की आणि घरच्यांचा स्तिवा. कॉन्स्टंटिन द्मित्रिच म्हणजे लेव्हिन, जवळच्यांसाठी कोस्त्या. त्यात डॉली आणि किटी ह्या बहिणी, डॉली ही स्तिवाची बायको आणि स्तिवा अ‍ॅनाचा भाऊ. एवढं एका कागदावर लिहून पुस्तकात ठेवा, पहिला भाग संपेपर्यंत कागद लागणारही नाही. आणि कोण कुणाला कुठल्या नावाने हाक मारतंय ह्यावर लक्ष ठेवा, नात्यातलं अंतर तिथेच कळतं.

तिसऱ्या भागात लेव्हिन शेतकऱ्यांबरोबर दिवसभर गवत कापतो ती प्रकरणं आली की घाई करू नका. सुरुवातीला विळा नीट चालत नाही, लोक बघतायत ह्याचं दडपण असतं, मग हळूहळू तो स्वतःला विसरतो आणि विळा आपोआप चालायला लागतो. घडत काहीच नाही तिथे पण वाचून झाल्यावर आपलाही श्वास संथ झालेला असतो.

जुनीपानं:
अगदी. आणि तीही मासिकातच येत होती, फक्त शेवटचा आठवा भाग संपादकाने छापला नाही. सर्बियाच्या बाजूने लढायला रशियातून स्वयंसेवक जात होते त्याबद्दल टॉलस्टॉयने जे लिहिलं ते त्याला पटलं नाही. मग 1877 मध्ये टॉलस्टॉयने तो भाग वेगळा काढला. तो वाचताना हे माहीत असलं की लेव्हिनचे वाद जास्त भिडतात.

एकाबैठकीत:
मी जरा वेगळं बोलते. सगळ्यांचं हप्त्याहप्त्याने वाचणं ठीक आहे पण काही पुस्तकं तशी वाचूच नयेत. मी परत एकदा विश्राम बेडेकरांची 'रणांगण' वाचली, 1939 ची, छोटीशी आहे. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, आणि चक्रधर व हॅर्टा यांची त्या प्रवासापुरतीच ओळख. चक्रधर आधीच उमाकडून दुखावलेला, प्रेमावरचा विश्वास उडालेला माणूस आहे, त्यामुळे हॅर्टा जितक्या सरळपणे जीव लावते तितका तो देऊच शकत नाही, आणि हे त्याला कळत असतं. बंदर जवळ येतंय, त्याला उतरायला देश आहे आणि तिला नाही, हे प्रत्येक पानावर जाणवत राहतं. मधे दोन दिवस थांबलात तर तो ताण निघून जाईल. दुसरं महायुद्ध त्याच वर्षी सुरू झालं, म्हणजे शेवट कुठे जाणारे हे लेखकालाही माहीत नव्हतं आणि तरीही सगळं त्यात आलंय. एका दुपारी बसा आणि संपवूनच उठा.

नवावाचक:
कागद केला तयार, धन्यवाद पानखूण. अ‍ॅना चालू असताना मधे 'रणांगण' वाचली तर चालेल का, की आधी ही पुरी करू?

एकाबैठकीत:
चालेल की! फक्त अ‍ॅनाचा चालू भाग संपवून मग घ्या, आणि दुसऱ्या दिवशी लगेच परत अ‍ॅनाकडे जाऊ नका, एक दिवस मधे जाऊ द्या.