कॅलिफोर्निया: शनिवारच्या मराठी शाळेसाठी डिस्ट्रिक्टची इमारत, भाडेदराचा गट आणि बोर्डाकडे जायचं की नाही

शनिवारची_शाळा
नमस्कार मंडळी. आमची मराठी शाळा शनिवारी १० ते १ एका सरकारी प्राथमिक शाळेत भरते. इमारत स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेची. सहा वर्गखोल्या आणि कॅफेटेरिया घेतो. मंडळ ५०१(सी)(३) आहे, म्हणजे रीतसर ना-नफा. पुढच्या वर्षाच्या अर्जाला उत्तर आलंय की आम्हाला व्यावसायिक दराच्या गटात टाकलंय. वर प्रिन्सिपल म्हणतात, त्यातल्या तीन खोल्या चार्टर शाळेला (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळेला) जाणार. तर:
१. ना-नफा संस्थेला हा दर लावता येतो का?
२. चार्टर आली की शनिवारसुद्धा गेला का?
३. सगळ्या पालकांनी मिळून डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या मीटिंगला जावं का?

फाईलवाली
बोर्डाचं नंतर बघा, आधी गट बघा. डिस्ट्रिक्टच्या साइटवर 'बोर्ड पॉलिसी १३३०' शोधा आणि त्याच आकड्याचं 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रेग्युलेशन'ही उघडा. बहुतेक डिस्ट्रिक्ट इमारतीच्या वापराचं धोरण याच क्रमांकाखाली ठेवतात. दराचा तक्ता त्याच्या शेवटी किंवा वेगळ्या पुरवणीत असतो.

वरचा कायदा म्हणजे सिव्हिक सेंटर ॲक्ट (शाळेच्या इमारती लोकांना वापरायला देण्याचा राज्याचा कायदा), एज्युकेशन कोड ३८१३० पासून पुढे. त्यातलं ३८१३४ नीट वाचा. ना-नफा संस्था किंवा मुलांसाठी काम करणारी मंडळं असतील तर डिस्ट्रिक्टला फार तर 'डायरेक्ट कॉस्ट' घेता येते: वीज, सफाईचं सामान, कस्टोडियनचा (इमारतीची सफाई-देखरेख करणाऱ्याचा) पगार, तुमच्यामुळे लागलेला बाकी स्टाफ. २०१२ च्या दुरुस्तीने देखभाल-दुरुस्तीचा वाटाही घ्यायची मुभा दिली, पण ती मैदानं आणि हॉलसारख्या जागांसाठी, वर्गखोल्या वगळून. त्यामुळे सहा खोल्यांच्या बिलात देखभालीचा आकार दिसला तर तो कुठून आला हे लेखी विचारा. कॅफेटेरिया वर्गखोली नाही, त्यामुळे तिथे तो लागू शकतो.

'फेअर रेंटल व्हॅल्यू', म्हणजे बाजारभाव, कधी लागतो? कार्यक्रमाला तिकीट किंवा वर्गणी असेल आणि उरलेला पैसा डिस्ट्रिक्टच्या मुलांसाठी किंवा धर्मादाय कामासाठी जात नसेल तेव्हा. इथेच मंडळं अडकतात. शाळेचे शनिवार आणि तिकीट लावलेला दिवाळीचा कार्यक्रम एकाच अर्जात टाकतात, मग क्लार्क सगळ्या अर्जाला वरचा दर लावतो. दोन अर्ज करा. गणपतीची पूजा असेल तर तिसरा, कारण धार्मिक वापराची ओळ बऱ्याच तक्त्यांत वेगळी असते.

आणि अर्जात 'क्लासेस' लिहू नका, खाजगी शिकवणी वाटते. 'ना-नफा संस्थेचा मुलांसाठी भाषा कार्यक्रम' असं स्पष्ट लिहा. सोबत आयआरएसचं (केंद्रीय करखात्याचं) डिटर्मिनेशन लेटर, म्हणजे ना-नफा असल्याचं पत्र, जोडा. डिस्ट्रिक्टमधली किती मुलं येतात तो आकडाही द्या (नावं नकोत). काही तक्त्यांत निम्म्याहून जास्त मुलं डिस्ट्रिक्टची असतील तर खालचा दर असतो.

किल्ली_कुणाकडे
फाईलवाली ताईंच्या यादीत विम्याची भर घालतो, कारण अर्ज सर्वांत जास्त तिथेच लटकतो. सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स एकट्याने भागत नाही, सोबत 'ॲडिशनल इन्शुअर्ड'चं एन्डॉर्समेंट पान लागतं, म्हणजे तुमच्या विम्यात डिस्ट्रिक्टलाही सामील करणारी पुरवणी. एजंटला फॉर्मचा नंबरच सांगा, साधारणपणे सीजी २० २६ चालतो. त्यावर डिस्ट्रिक्टचं पूर्ण कायदेशीर नाव हवं. शाळेचं नाव घातलं की परत येतो. रक्कम बहुतेक ठिकाणी दर घटनेला १० लाख डॉलर आणि एकूण २० लाख. मुलांचा कार्यक्रम म्हटल्यावर लैंगिक गैरवर्तनाचं कव्हरही मागतात, ते साध्या पॉलिसीत बहुधा नसतं, आधीच विचारून घ्या. पॉलिसीची मुदत शाळेच्या वर्षाच्या मध्येच संपत असेल तर नूतनीकरणाचा कागद संपण्याआधी पाठवा, नाहीतर सिस्टिम पुढच्या सगळ्या तारखा रोखते.

खर्चाचं म्हणाल तर खरा फरक कस्टोडियनने पडतो. शनिवारी इमारतीत कुणी ड्युटीवर असेल तर तुमच्यावर थोडेच तास येतात. नसेल तर ओव्हरटाइम, आणि युनियनच्या करारात किमान तासांची अट असते, म्हणजे तुम्ही तीन तास बसा नाहीतर दोन, बिल किमान तासांचंच. म्हणून आधी विचारा की शनिवारी डिस्ट्रिक्टच्या कोणत्या शाळा एरवीही उघड्या असतात. तिथे गेलात तर एवढी घासाघीस करावीच लागणार नाही.

हीटिंग वेगळं मागावं लागतं. सुट्टीच्या दिवशी ते वेळापत्रकानुसार बंद असतं आणि ते मुख्य ऑफिसमधून चालतं, कस्टोडियनच्या हातात नसतं. जानेवारीत कोट घालून बाराखडी गिरवायची नसेल तर अर्जातच लिहा.

वर्गखोल्यांबद्दल माझं मत: सहा मागूच नका. फळा पुसला गेला, खुर्च्या हलल्या, पेन्सिली गेल्या, या तक्रारी शिक्षकांकडून येतात आणि प्रिन्सिपल पुढच्या वर्षी कॅलेंडरवर 'उपलब्ध नाही' टाकतात. तीन खोल्या, लायब्ररी आणि कॅफेटेरियाचे दोन कोपरे यांत सहा गट बसतात. घेतलेल्या खोल्यांचे आल्यावर आणि जाताना फोटो काढा. 'फळ्याला हात लावायचा नाही' हा नियम शिक्षक-पालकांना पहिल्याच दिवशी सांगा आणि लिहायला स्वतःचे छोटे व्हाइटबोर्ड आणा.

मागचा_बाक
चार्टरचं. हे प्रपोझिशन ३९, म्हणजे २००० साली मतदारांनी मंजूर केलेला कायदा. डिस्ट्रिक्टमधली किमान ८० मुलं (सरासरी हजेरीने) असलेल्या चार्टर शाळेला डिस्ट्रिक्टने 'साधारण समतुल्य' जागा द्यावी लागते. वेळापत्रक ठरलेलं आहे: १ नोव्हेंबरपर्यंत चार्टरची मागणी, १ फेब्रुवारीपर्यंत डिस्ट्रिक्टचा प्राथमिक प्रस्ताव, १ मार्चपर्यंत चार्टरचं उत्तर, १ एप्रिलपर्यंत अंतिम देकार, मग स्वीकारायला चार्टरला ३० दिवस. म्हणजे मेच्या आत कुणी 'तीन खोल्या गेल्या' म्हणालं तर तो अंदाज असू शकतो. डिस्ट्रिक्टला विचारा, प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे आणि त्यात कोणत्या खोल्या आहेत.

खोल्या दिल्या तरी मालकी डिस्ट्रिक्टचीच राहते. शनिवारचं काय, ते दोघांच्या 'फॅसिलिटीज यूज ॲग्रीमेंट'मध्ये असतं. त्यात चार्टरला फक्त शाळेच्या वेळा दिल्या असतील तर तुमचा शनिवार शाबूत. करार पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखाली (आपल्या माहिती अधिकारासारखा कायदा) मागता येतो. कागद देता येईल का हे त्यांनी १० दिवसांत कळवायचं असतं (काही कारणांनी ती मुदत जास्तीत जास्त १४ दिवसांनी वाढू शकते). त्याच अर्जात इतर ना-नफा संस्थांना कोणत्या गटात ठेवलंय तेही मागा. तुमच्यासारख्याच दुसऱ्या मंडळाला खालचा दर मिळत असेल तर याहून चांगला मुद्दा मिळणार नाही.

आता बोर्ड. एका अर्जाचा गट बदलणं हे बोर्डाचं काम नाही, ते फॅसिलिटीज ऑफिसचं आणि वर असिस्टंट सुपरिटेंडंटचं. तिथे लेखी अपील करून नकार आला की मगच बोर्ड. ब्राउन ॲक्टप्रमाणे (सार्वजनिक सभांचा कायदा) नियमित सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो आणि अजेंड्यावर नसलेल्या विषयावर बोर्डाला निर्णय घेता येत नाही. 'पब्लिक कमेंट'मध्ये (लोकांना बोलायला दिलेल्या वेळेत) चाळीस पालक बोलले तरी त्या रात्री उत्तर मिळणार नाही. त्यापेक्षा एज्युकेशन कोड ३५१४५.५ चा हवाला देऊन विषय अजेंड्यावर घालायची लेखी मागणी करा. किती दिवस आधी द्यायची ते बोर्डाच्या बायलॉ (कामकाजाचा नियम) ९३२२ मध्ये बघा.

बोलायला तिघं पुरे: एकाने कलम, एकाने आकडा, एकाने नेमकी मागणी. वेळ बहुधा प्रत्येकी तीन मिनिटं. आजी-आजोबा मराठीत बोलणार आणि कुणी भाषांतर करणार असेल तर कायद्याने दुप्पट वेळ मिळतो, पण हे क्लार्कला आधी सांगा.

शनिवारची_शाळा
आभार. दिवाळीचा कार्यक्रम त्याच अर्जात होता, तिकिटासकट. वेगळा काढते. एक शंका: तोवर जुनं बिल भरायचं का?

फाईलवाली
भरा, पण सोबत 'गटाबद्दल हरकत राखून' अशी ईमेल पाठवा आणि ती फॅसिलिटीज ऑफिसलाच जाऊ द्या, प्रिन्सिपलना फक्त सीसी. थकबाकी दिसली की बऱ्याच ठिकाणी पुढच्या तारखा आपोआप मोकळ्या होतात, आणि त्या शनिवारांवर बास्केटबॉलवाले टपून असतात.