मदत हवी आहे: नोव्हिस रेसिंगसाठी रेडी यामाहा आर१५ व्ही२ घेऊ की स्टॉक व्ही३? (व्ही४ पण डोक्यात घोळतेय)

नमस्कार मंडळी,

पोस्ट लांबलीय, पण अर्धवट माहिती टाकली की पहिले रिप्लाय "बजेट किती, वजन किती" असेच येतात म्हणून सगळं एकदाच लिहितो.

मी कोल्हापूरचा, वय २६, वजन ७४ किलो, नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत. चेन्नईच्या ट्रॅकवर भाड्याच्या गाडीवर ट्रेनिंग झालंय, तळेगावजवळ नानोलीच्या ट्रॅकवर पण जाऊन आलोय. आता पुढच्या सीझनला बाईक रेसिंगच्या नॅशनल चॅम्पियनशिपच्या नोव्हिसमध्ये (नवशिक्यांच्या क्लासमध्ये) उतरायचंय, म्हणजे स्टॉक १६५ सीसी, कंपनीने दिली तशीच गाडी. बाहेरच्या देशात दर महिन्याला क्लब रेस असते, आपली गाडी टेम्पोत टाकायची आणि जायचं, तसं आपल्याकडे काही नाही, त्यामुळे नोव्हिस हेच आपलं क्लब रेसिंग समजा. पोडियम वगैरे डोक्यात नाही, ग्रिडच्या मधल्या घोळक्यात टिकलो आणि प्रत्येक राउंडला थोडा टाइम खाली आला तरी बास.

पर्याय असे आहेत.

पहिली गाडी बेंगळुरूला आहे, व्ही२, २०१४ची. मालक रेसिंग सोडतोय. फायबर फेअरिंग (बाहेरचं कव्हर), क्लिप-ऑन (खाली बसवलेलं रेस हँडल), रिअरसेट (मागे सरकवलेले फुटरेस्ट), जास्तीची रिम जोडी, स्प्रॉकेटचा अख्खा डबा आणि वर एक अर्धवट खोललेलं इंजिन, सगळं मिळून ८५ हजार सांगतोय. लॉक वायर (बोल्ट सुटू नयेत म्हणून), कॅच टँक (सांडणारं तेल-पाणी धरायला) सगळं केलेलं आहे, नुसतं पेट्रोल घालायचं आणि उतरायचं असं त्याचं म्हणणं.

दुसरी सांगलीत, व्ही३, २०१९ची एबीएसवाली, कॉलेजच्या पोराची, ३१ हजार किलोमीटर पळालेली, एकदम स्टॉक. १ लाख ५ सांगतोय, थोडे तुटतील.

तिसरा पर्याय नवी व्ही४. सप्टेंबर २०२५ला जीएसटी २८चा १८ झाल्यापासून हा किडा डोक्यात शिरलाय, पण ऑन-रोड दोनच्या आसपास जाते आणि माझं एकूण बजेट १ लाख ८०. त्यातच टायर, एंट्री फी, येणंजाणं. सूट आणि हेल्मेट आहे. म्हणजे व्ही४ घेतली तर कर्ज काढून गाडी ट्रॅकवर पाडायची असा प्रकार होणार, घरी हे कळलं तर आई मलाच गाडीखाली घालेल.

आता माझा गोंधळ. आकडे बघितले तर (व्ही२, व्ही३, व्ही४ म्हणजे आर१५च्याच पिढ्या, पीएस म्हणजे ताकद) व्ही२ म्हणजे १४९.८ सीसी, १७ पीएस ८,५०० आरपीएमला. व्ही३ १५५ सीसी, १९.३ पीएस १०,०००ला, कॉम्प्रेशन १०.४चं ११.६ झालंय, व्हीव्हीए (आरपीएमप्रमाणे इनटेक व्हॉल्व्हचा कॅम बदलणारी यंत्रणा) आलं, स्लिपर क्लच आला, पुढची डिस्क २६७ची २८२ एमएम झाली, मागचा टायर १३०चा १४० झाला. आणि गंमत म्हणजे बीएस६ आल्यावर व्ही३ १८.६वर आली आणि व्ही४ तर १८.४ पीएस, म्हणजे कागदावर २०१९ची जुनी गाडी नव्यापेक्षा तगडी. व्ही४ला यूएसडी फोर्क (पुढचे उलटे शॉकअप) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारं) आहे, काही व्हेरियंटला क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर) पण, पण १८ पीएसच्या गाडीला ट्रॅक्शन कंट्रोल कशाला लागतं हे मला कुणी समजावून सांगितलं तर बरं होईल.

माझे मित्र दोन गटात वाटलेत. एक गट म्हणतो नवशिक्याने जुनी हळू गाडीच घ्यावी, कॉर्नर स्पीड शिकतोस, पडलास तर पार्ट स्वस्त, आणि वाचलेल्या पैशात टायर घे. दुसरा गट म्हणतो ग्रिडवर सगळे व्ही३वर असताना तू व्ही२ घेऊन गेलास तर सरळ पट्ट्यावर एकेक जण हात करून पुढे जाईल. मला मनापासून व्ही२ आवडलीय, खरं सांगायचं तर त्या स्प्रॉकेटच्या डब्यावरच जीव जडलाय. पण ट्रॅकवर दहा वर्षं कुटलेलं इंजिन असणार ते, आणि मला स्वतःला टॅपेट सेटिंगच्या पुढे काही येत नाही.

तर ज्यांनी दोन्ही पिढ्या ट्रॅकवर चालवल्यात त्यांनी सांगा, फरक खरंच जाणवतो का? आणि जुनी रेस बाईक बघायला गेलो तर नक्की कुठे बोट ठेवायचं?

---

टॅपेट_टकटक:
गाडीचं नंतर बघू. आधी रेग्युलेशन वाचलंयस का? तू लिहिलंयस स्टॉक १६५, आणि बेंगळुरूची गाडी तुझ्या वर्णनावरून प्रो-स्टॉकसाठी (इंजिनात बदल केलेल्या गाड्यांच्या क्लाससाठी) बनवलेली वाटतेय. हे दोन वेगळे क्लास आहेत भावा. प्रो-स्टॉकच्या गाडीत कॅम, हेडचं काम, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), एक्झॉस्ट यातलं काय काय बदललंय ते मालकाला विचार आणि लेखी घे. नोव्हिसला स्क्रुटिनीत (गाडीच्या तपासणीत) गाडी अडकली तर तुला तेच सगळं परत स्टॉक करत बसावं लागेल, आणि दहा वर्षं जुन्या गाडीचे कंपनीचे पार्ट जमवणं म्हणजे ८५ हजाराचे सव्वा लाख कधी झाले कळणार नाही. कुठलं मॉडेल चालतं, काय काढायचं, काय ठेवायचं, हे ज्या वर्षी उतरणार त्या वर्षीच्या कागदात बघायचं, मागच्या वर्षी कुणीतरी चालवली होती यावर जायचं नाही. रेस भरवणाऱ्या क्लबला मेल टाक, उत्तर देतात.

लोक "रेडी रेस बाईक" म्हटलं की भाळतात. रेडी कुठल्या रेससाठी, हे कुणी विचारत नाही.

---

वाकडी_फुटरेस्ट:
मी दोन्ही चालवल्यात. व्ही२वर सुरुवात केली, नंतर व्ही३.

फरक जाणवतो, पण लोक सांगतात तिथे नाही. व्हीव्हीएचं कौतुक रस्त्यावर ठीक आहे. ७,४०० आरपीएमला इनटेकचा दुसरा कॅम लागतो, आणि ट्रॅकवर तुम्ही जवळजवळ कायम त्याच्या वरच असता, त्यामुळे ती ढकल वेगळी अशी कळतच नाही. फायदा एवढाच की वरचा कॅम बिनधास्त टॉप एंडसाठी बनवलाय, म्हणून व्ही२ ८,५००च्या पुढे दमते तिथे व्ही३ ओढत राहते. यामुळे होतं काय, दोन कॉर्नरच्या मधे व्ही२ला जिथे वरचा गिअर टाकावा लागतो तिथे व्ही३ त्याच गिअरमध्ये निघून जाते. एक शिफ्ट वाचला. चेन्नईचा लॅप ३.७ किलोमीटरचा आणि १२ कॉर्नरचा आहे, असे शिफ्ट बरेच वाचतात.

नवशिक्याला खरा उपयोग स्लिपर क्लचचा. वेगात येऊन दोन-तीन गिअर खाली मारताना ब्लिप (थ्रॉटलचा छोटा झटका) नीट जमली नाही तर व्ही२चं मागचं चाक उड्या मारतं, त्या क्षणी तुझं सगळं लक्ष मागे जातं आणि टर्न-इन (कॉर्नरमध्ये गाडी वळवायचा क्षण) चुकतो. व्ही३ हे झाकून घेते. आता कुणी म्हणेल झाकलं तर शिकणार कसा. अरे, ब्लिप शिकायला नानोली आहे ना, ग्रिडवर पुढेमागे पंधरा जण असताना शिकायची गोष्ट नाही ती.

आणि "हळू गाडी कॉर्नर स्पीड शिकवते" हे ट्रॅक डेला शंभर टक्के खरं, रेसला अर्धंच. समज कॉर्नरमध्ये तू समोरच्यापेक्षा चांगला आहेस. बाहेर पडल्यावर तो पट्ट्यावर तुला गाठतो, पुढे जातो, आणि पुढच्या कॉर्नरला तुझ्या लाइनवर ब्रेक मारून बसतो. मग तू त्याच्या मागे त्याच्या वेगाने कॉर्नर घेतोस. अख्खी रेस हेच. शिकायचं होतं ते राहिलं बाजूला. नोव्हिसला घोळक्यासारखीच गाडी हवी, जरा कमी नाही आणि जास्तही नाही, म्हणजे मग स्टॉपवॉच गाडीचं नाही, तुझं सांगतं.

ट्रॅक्शन कंट्रोलचं: व्ही४वर ते बंद करता येतं, आणि ट्रॅकवर बंदच ठेवतात. रस्त्यावर पावसात, पांढऱ्या पट्ट्यांवर कामाचं. क्विकशिफ्टर मात्र चैनीची गोष्ट आहे, एकदा सवय लागली की सुटत नाही, पण तुझ्या बजेटमध्ये तो टायरच्या पैशातून येणार. नको.

---

आबा_आरएक्स:
आमच्या वेळी चेन्नईजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर रेस व्हायच्या, इरुंगट्टुकोट्टईचा, म्हणजे आत्ताचा चेन्नईचा ट्रॅक १९९०चा, त्याच्या आधीची गोष्ट. पिढी वगैरे कुणी विचारत नव्हतं, आहे ती घेऊन जायची. असो. पोरा, गाडी कुठलीही घे, पण टायरचे आणि प्रॅक्टिसचे पैसे आधी वेगळ्या पाकिटात काढून ठेव आणि उरतील त्यात गाडी बघ. सगळे उलटं करतात आणि दुसऱ्या राउंडला घरी बसतात.

---

कोनसेट_टाइट:
मी सांगलीतच असतो, गॅरेज आहे. बोट कुठे ठेवायचं ते सांगतो, दोन्ही गाड्यांना लागू.

हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळव, जिथे चासीला स्टॉपर टेकतो तिथे टॉर्च मारून बघ. नुसता रंग उडाला असेल तर काही नाही, पण स्टॉपर चेपलेला किंवा वाकलेला दिसला तर गाडी जोरात आपटलीय, फेअरिंग कितीही चकाचक असू दे. मग पुढचं चाक उचलून हँडल सोड, मधोमध येऊन अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलचे बेअरिंग) गेला. शॉकअपचे पाइप काढून काचेवर गरगर फिरवायचे, वाकलेले असतील तर काचेखाली उजेडाची फट दिसते. एवढं विकणारा करू देत नसेल तर निघून ये.

इंजिनला कॉम्प्रेशन टेस्ट, थ्रॉटल पूर्ण उघडून, आणि जमलं तर लीकडाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते ते) पण. का, तर आर१५चा ब्लॉक डायसिलचा (अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनचा) आहे, आत लोखंडी लाइनर नसतो. चरे पडले तर बोअर मारून ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचा आपला जुना धंदा इथे चालत नाही, ब्लॉकच बदलायचा. आणि "अर्धवट खोललेलं इंजिन फुकट" म्हणजे त्यातलं चांगलं निघेल ते आधीच निघालंय असं धरून चाल.

व्ही३ला अजून एक. चालू करून ७,४००च्या वर ने, मीटरवर व्हीव्हीए लागल्याचं चिन्ह येतं. आलं तर उत्तम, नाही आलं तर सोलेनॉइड किंवा वायरिंगचा खर्च धर.

३१ हजार किमी कॉलेजच्या पोराने पळवलेली म्हणजे व्हीली मारली असणार, चेन-स्प्रॉकेट आणि क्लच प्लेट जमेत धरूनच भाव कर. गाडी गॅरेजवर आणायला सांग, बघून देतो, पैसे नको.

---

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. वाकडी_फुटरेस्ट दादा, घोळक्यासारखीच गाडी हवी हे एकदम पटलं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बेंगळुरूवाल्याशी बोललो. टॅपेट दादा म्हणाले तेच, कॅम बदललेला आहे, ईसीयूला पिगीबॅक (सेटिंग बदलणारा जादा बॉक्स) लावलाय आणि मूळ कॅम कुठे आहे ते त्याला आठवत नाही. कॉम्प्रेशन टेस्टचं विचारलं तर "ब्रो, गाडी बघून विश्वास नाही का" असं आलं. वर गाडी कर्नाटक पासिंग, एनओसीचं काय तर "ट्रॅक बाईकला कागद कशाला". त्यामुळे व्ही२ सोडली. डबा पण सोडला.

सांगलीची व्ही३ शनिवारी कोनसेट काकांकडे आणतोय. ९५पर्यंत आली तर घेणार. एक शेवटचं विचारतो, एबीएस ठेवू का काढू? आणि गाडी चेन्नईला न्यायची कशी, ट्रान्सपोर्टवाले भरमसाट सांगतायत.

---

वाकडी_फुटरेस्ट:
कागदाचं बरोबर केलंस. ट्रॅकवर आरसी लागत नाही, पण छोट्या हत्तीत गाडी टाकून दोन राज्यं ओलांडताना नाक्यावर पोलिस विचारणारच.

एबीएसचा फ्यूज काढून चालवतात बरेच जण, पण तू पहिल्या प्रॅक्टिसला राहू दे. पुढचं चाक कुठे लॉक होतं याचा अंदाज आला आणि एबीएस त्याच्या आधीच मधे यायला लागलं असं वाटलं की काढ. रेग्युलेशनमध्ये काय लिहिलंय ते बघून अर्थात. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले चांगले ब्रेक पॅड आणि स्टीलच्या ब्रेक होज, चालत असतील तर. कूलंट काढून साधं पाणी भर, सांडलं तर ट्रॅक निसरडा होत नाही. फायबरची फेअरिंग घे आणि कंपनीची काढून माळ्यावर ठेव, विकताना तीच कामाला येते.

---

टॅपेट_टकटक:
येण्याजाण्याचं, आम्ही पुण्याहून पिकअप करतो, दोन गाड्या असतात, तिसरीची जागा आहे. आपला एनएच ४८ पुणे, कोल्हापूर, बेंगळुरू करत थेट इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅकच्या दारात नेतो, कागलला तुला उचलतो. डिझेल तीन भागात. रॅचेटवाले पट्टे तुझे तू आण, मागच्या वेळी एकाने सुतळी आणली होती. आणि एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या) रेसिंग लायसन्सला मेडिकल लागतं, ते आत्ताच करून टाक, एंट्री बंद व्हायच्या आठवड्यात डॉक्टर शोधत फिरू नकोस.

---

कोनसेट_टाइट:
शनिवारी अकराच्या आत ये, नंतर गर्दी असते. आणि त्या पोराला सांग गाडी गरम करून आणू नको, थंड इंजिन चालू करून आवाज ऐकायचाय मला.