तोंडावरून वारे गेल्यावर डॉक्टर कपाळाला आठ्या का घालायला लावतात?

लालबागकर:
काल सकाळी चूळ भरताना आईच्या ओठांच्या कोपऱ्यातून पाणी गळू लागले आणि तोंड एका बाजूला ओढलेले दिसले, म्हणून तिला आम्ही लगेच रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी सर्वांत आधी भुवया वर करून कपाळाला आठ्या घालायला सांगितले. उजव्या अर्ध्या कपाळावर एकही आठी उमटली नाही. पुढची तपासणी झाल्यावर हा अर्धांगवायू नसून चेहऱ्याच्या नसेचा विकार आहे, असे त्यांनी सांगितले. कपाळसुद्धा हलत नसेल तर आजार अधिक गंभीर असायला हवा. मग निष्कर्ष उलटा कसा निघतो?

निवृत्त फिजिशियन, दादर:
चेहऱ्याच्या खालच्या भागातील स्नायूंना मुख्यतः मेंदूच्या विरुद्ध बाजूच्या अर्धगोलाकडून आज्ञा मिळते, परंतु कपाळाच्या स्नायूला ती दोन्ही अर्धगोलांकडून मिळते. त्यामुळे गुठळीने किंवा रक्तस्रावाने एका अर्धगोलाला इजा झाली, तर तोंड वाकडे होते, तरीही दुसऱ्या अर्धगोलाच्या आज्ञेवर कपाळाच्या दोन्ही बाजूंना आठ्या पडतात. या सर्व आज्ञा पुढे सातव्या नसेतून, म्हणजेच चेहऱ्याच्या नसेतून, चेहऱ्यापर्यंत पोहोचतात. ही नस कानाजवळच्या हाडातील अरुंद मार्गात सुजून दबली, की कपाळ, पापणी, गाल आणि ओठ असा अर्धा चेहराच लुळा पडतो. स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांच्या नावावरून या विकाराला बेल्स पाल्सी म्हणतात.

आईंचा डोळा पूर्ण मिटतो का, हे मात्र आजच पाहा. मिटत नसेल तर दिवसा थेंब घालावेत, रात्री मलम घालून पापणी चिकटपट्टीने बंद ठेवावी. अन्यथा कोरडेपणामुळे बुबुळाला जखम होते. स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू केल्यास चांगला उपयोग होतो. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात.

परिचारिका, अपघात विभाग:
डॉक्टरसाहेबांचे विवेचन अचूक आहे, तरीही वाचकांना कळकळीची विनंती आहे की या परीक्षेवरून घरी निर्णय घेऊ नये. मेंदूच्या देठातील लहानशा झटक्यातही कधीकधी कपाळ लुळे पडते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ लक्षात ठेवून 108 क्रमांकावर फोन करावा. गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते, त्यामुळे पाणी किंवा गोळी तोंडात घालू नये.

रुग्ण बेशुद्ध होऊन घशात घरघर होऊ लागली, तर एक हात कपाळावर ठेवून डोके हळूच मागे झुकवावे आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी हनुवटी उचलावी, म्हणजे मागे पडलेली जीभ श्वासाची वाट मोकळी करते. मात्र जिन्यावरून किंवा लोकलमधून पडून मानेला मार लागल्याची शंका असेल, तर डोके असे झुकवू नये.

लालबागकर:
दोघांचेही मनापासून आभार. आईला मधुमेह आहे. स्टेरॉइड चालेल का?

निवृत्त फिजिशियन, दादर:
बहुधा चालते, परंतु साखर वाढते, म्हणून ती रोज तपासून आकडे डॉक्टरांना कळवावेत आणि गोळ्या परस्पर बंद करू नयेत. कानात पुरळ उठले किंवा तीव्र ठणका लागला, तर त्याच दिवशी दाखवावे, कारण ती नागीण असू शकते आणि तिच्यासाठी वेगळे औषधही द्यावे लागते.