पेशीभित्तिका : भिंत, कूड की अंगरखा?

ऐरोलीकर :
लेकीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, 'कवकांची पेशीभित्तिका कायटिनची असते'. तिचा प्रश्न, भित्तिका म्हणजे भिंतच ना, मग सरळ भिंत का नाही? आमच्या बेडरूमच्या भिंतीला जुलैपासून बुरशी धरली आहे. 'भिंतीवरच्या बुरशीची भिंत' म्हणून आम्ही दोघी हसत सुटलो, पण उत्तर काय देऊ? आणि कवक नि बुरशी एकच का?

कोपरीचा मास्तर :
'भित्ति'चीच भिंत झाली. पुस्तक-पुस्तिका तसं भित्ति-भित्तिका, म्हणजे लहानशी भिंत. कवक शब्द फार जुना. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याबरोबर जे खाऊ नये म्हटलंय त्यात 'कवकानि' आहेत, म्हणजे अळंब्या. आता शास्त्रात यीस्ट, अळंबी, बुरशी सगळ्यांना मिळून कवक म्हणतात. बुरशी ती पावावर, लोणच्यावर, चपलांवर येणारी. यीस्टला बुरशी म्हटलेलं माझ्या तरी कानाला खटकतं.

येऊरच्या पायथ्याचा :
शब्द सोडा, 'कायटिनची असते' हे वाक्यच अर्धवट आहे. यीस्टच्या भित्तिकेत कोरड्या वजनाच्या जेमतेम 1-2 टक्के कायटिन असतं. निम्मा किंवा त्याहून जास्त भाग ग्लुकनचा (ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचा), बाकी बहुतेक मॅनोप्रथिनं (मॅनोज ही साखर जोडलेली प्रथिनं). अ‍ॅस्परजिलससारख्या तंतुमय बुरशीत कायटिन 10-20 टक्क्यांपर्यंत जातं, तरी एकटं ते नाहीच. विटांची भिंत डोळ्यापुढे आणू नका. आमच्या आजोळी कारवीचा कूड होता, तो आणा. कारवीच्या काठ्या म्हणजे कायटिनचे चिवट धागे. त्यांत गुंतलेली माती म्हणजे ग्लुकन, आणि वरून शेणाचं सारवण म्हणजे मॅनोप्रथिनं. फक्त सारवण एकाच बाजूने, बाहेरून. कायटिन आत, पेशीपटलाला (भित्तिकेच्या आतल्या पातळ पडद्याला) लागून. काठ्या काढा नाहीतर माती, कूड बसणारच. कॅस्पोफंजिनसारखी बुरशीवरची औषधं नेमकी मातीच कालवू देत नाहीत, म्हणजे ग्लुकन तयार करणारं विकर (एन्झाइम) बंद पाडतात. आपल्या पेशींना कूडच नाही, त्यामुळे आपलं तिथे काही बिघडत नाही.

दिवाळ्याची :
कायटिनचं मूळ ग्रीक, 'खितॉन' म्हणजे अंगरखा. ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला 1811 मध्ये ते आधी अळंबीत सापडलं, त्याने नाव ठेवलं 'फंगीन'. 1823 मध्ये ओदिएने किड्यांच्या कवचातल्या पदार्थाला 'कायटिन' म्हटलं आणि तेच टिकलं. अळंबीचा मान किड्यांनी नेला! आमच्याकडे कोलंबी सोलून टरफलं टाकतो त्यातही तेच. सुकटीचा जवळा तर आपण अंगरख्यासकट खातो.

कोपरीचा मास्तर :
कूड झकास, पण पेपरात पेशीभित्तिकाच लिहायला सांगा. आणि पटल नि भित्तिका यांची गल्लत नको. फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध पटलातल्या एर्गोस्टेरॉल या स्निग्ध पदार्थावर घाव घालतं, भित्तिकेवर नाही. वर्तमानपत्रात दोन्हींना सर्रास 'आवरण' म्हणून मोकळे होतात.

ऐरोलीकर :
लेकीला कूड सांगायला गेले तर विचारते, "कूड म्हणजे?" टॉवरमध्ये वाढलेलं पोर, कारवी तरी कुठे बघितली आहे! येऊरच्या पाड्यांत अजून एखादं कुडाचं घर दिसेल का?