अ‍ॅप बनवणाऱ्यांनो, रोजच्या कामात टिकलेली साधनं सांगा

अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी साधनांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. त्यातलं रोजच्या कामात काय टिकतं, हे मात्र वापरणाराच सांगू शकतो. म्हणून हा धागा काढतेय. डिझाइनचं साधन, आयकॉनचा संच, फॉन्ट, फोनमध्ये कायम ठेवलेलं अ‍ॅप, काहीही चालेल. फक्त नावासोबत ते नेमकं कुठे उपयोगी पडलं तेही लिहा.

माझ्यापासून सुरुवात. मी अँड्रॉइडवर काम करते आणि माझी पहिली शिफारस गूगलचं अ‍ॅक्सेसिबिलिटी स्कॅनर. फुकट आहे. चालू केलं की स्क्रीनवर एक तरंगतं बटण येतं. आपलं अ‍ॅप उघडून ते दाबायचं. कुठलं बटण बोटासाठी लहान आहे, कुठली अक्षरं पार्श्वभूमीत विरताहेत, कुठल्या आयकॉनला नावच दिलेलं नाही, हे ते चौकटी आखून दाखवतं. मटेरियल डिझाइन या गूगलच्या डिझाइन-नियमावलीत स्पर्शाची जागा किमान ४८ डीपी (स्क्रीनच्या घनतेनुसार जुळणारं माप) सांगितली आहे, अ‍ॅपलच्या मार्गदर्शिकेत ४४ पॉइंट. आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण यादीतल्या ओळीच्या टोकाचं ते तीन ठिपक्यांचं बटण मोजायला कुणी जात नाही. रंगाचंही तसंच: साध्या मजकुराला ४.५ : १ एवढा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक) हवा, हे ‘थोडं फिकट वाटतंय’ म्हणून पटत नाही, अहवाल समोर ठेवला की पटतं. एवढं करूनही टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) लावून, डोळे मिटून एकदा अ‍ॅप वापरून बघाच. बटणाला नाव आहे की नाही ते स्कॅनर सांगेल. ते ऐकून काही अर्थबोध होतो का, ते आपल्यालाच ऐकावं लागतं.

यूआय डिझायनर

फिग्मा हे स्क्रीन आखायचं साधन सर्वांना माहीत आहे, त्यामुळे एकच सांगते: त्याचं फोनवरचं अ‍ॅप घ्या. संगणकावर निवडलेली फ्रेम (एका स्क्रीनचा आराखडा) त्यात लगेच दिसते. मॉनिटरवर ऐसपैस वाटणारी रचना हातातल्या फोनवर दाटीवाटीची होते आणि अंगठा कुठवर पोचतो तेही तिथेच कळतं. गूगलने मटेरियल ३ चा आणि अ‍ॅपलने आयओएसचा अधिकृत फिग्मा संच मोफत दिलेला आहे. नवीन येणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, की स्वतःची बटणं काढण्याआधी हे संच उघडा आणि एकेक घटक सुटा करून पाहा. एका साध्या बटणाची दाबलेली, बंद केलेली, फोकस आलेली रूपं किती काळजीने आखली आहेत, ते पाहताना जे शिकायला मिळतं ते तयार व्हिडिओंमधून मला मिळालं नव्हतं.

२०२२ मध्ये अ‍ॅडोबीने २० अब्ज डॉलरना फिग्मा घेण्याची घोषणा केली (पुढे डिसेंबर २०२३ मध्ये तो व्यवहार रद्द झाला), तेव्हा आमच्याकडे पर्यायांची शोधाशोध सुरू झाली. त्यात पेनपॉट हाती लागलं. मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला) आहे आणि स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं. फायली बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायला मनाई असते अशा कामांसाठी मी आता तेच वापरते.

बॅकएंडकडून मोबाइलकडे वळलेला

एस-सी-आर-सी-पी-वाय. नाव असं, उच्चार ‘स्क्रीन कॉपी’. अँड्रॉइड फोनची स्क्रीन संगणकावर दाखवतं, तिथूनच माउस-कीबोर्डने फोन चालवता येतो, रेकॉर्डिंगही होतं. फोनच्या सेटिंगमधलं यूएसबी डिबगिंग चालू केलं की पुरे, रूट करावं (फोनची मूळ कुलपं काढावी) लागत नाही. टीमला डेमो दाखवायचा असो की बग पकडायचा, माझ्या टेबलावर एम्युलेटर (संगणकावरचा नकली फोन) क्वचितच उघडतो.

मराठी अ‍ॅपवर काम करणारी

मला फॉन्टबद्दल लिहायचं आहे, कारण याबाबत फार कमी बोललं जातं. डिझाइन इंग्रजी मजकुरावर करायचं आणि शेवटी त्यात मराठी ओतायचं, अशी पद्धत सर्रास दिसते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार अशी दोन्हीकडे जागा लागते. लॅटिनसाठी बेतलेल्या ओळीच्या उंचीत रफार अर्धा कापला जातो किंवा वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडतो. मी प्रत्येक नव्या स्क्रीनवर ‘कर्तृत्व’, ‘स्फूर्ती’, ‘वर्षांपूर्वी’, ‘दऱ्याखोऱ्यांतून’ हे शब्द टाकून पाहते. हे चौघे नीट बसले तर बाकीचेही बसतात. अँड्रॉइडच्या टेक्स्टव्ह्यूमध्ये (मजकूर दाखवणाऱ्या घटकात) ‘एलिगंट टेक्स्ट हाइट’ नावाची सोय उंच लिप्यांसाठीच आहे, अँड्रॉइड १५ च्या आधीच्या आवृत्त्यांसाठी काम करत असाल तर ती तपासा.

अक्षरांतलं अंतर वाढवण्याची इंग्रजी शीर्षकांची सवय इथे अजिबात नको. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात.

फॉन्ट म्हणाल तर नोटो सान्स देवनागरी, एक टाइपचा मुक्त आणि इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद, तिन्ही गूगल फॉन्ट्सवर आहेत आणि ओपन फॉन्ट लायसन्सखाली असल्यामुळे अ‍ॅपमध्ये जोडायला अडचण नाही. लांब मजकुराला माझी पसंती मुक्तला: सात वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) मिळतात आणि लहान आकारातही जोडाक्षरं स्वच्छ राहतात. बलू शीर्षकांना गोड दिसतो, परिच्छेदाला जड होतो. आणखी एक बारकावा: मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलं तरच मराठी रूप उमटतं. एवढी एक ओळ लिहावी, वाचणाऱ्याला आपली अक्षरं दिसावीत असं मला मनापासून वाटतं.

आयओएस डेव्हलपर

वरचा प्रतिसाद जपून ठेवला.

माझ्याकडून एसएफ सिम्बॉल्स. २०१९ पासून अ‍ॅपल हा आयकॉनचा संच देतं. मॅकवर त्याचं स्वतंत्र अ‍ॅप आहे, त्यात हवं ते चिन्ह नावाने शोधता येतं. ही चिन्हं सॅन फ्रान्सिस्को फॉन्टच्या वजनांशी जुळवलेली असल्याने मजकूर ठळक केला की शेजारचं चिन्हही तेवढंच ठळक करता येतं, ओळ डगमगत नाही. मात्र परवाना वाचा. ती अ‍ॅपच्या आयकॉनमध्ये किंवा लोगोत वापरायला परवानगी नाही, आणि संच अ‍ॅपलच्या प्लॅटफॉर्मसाठीच आहे. दोन्हीकडे एकच रूप हवं असेल तर मटेरियल सिम्बॉल्स (अपाची २.० परवाना) किंवा फॉस्फर (एमआयटी परवाना) हे आयकॉनचे संच घ्या.

मोशन डिझाइन करणारा

लॉटी. एअरबीएनबीने २०१७ मध्ये खुलं केलं. आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅडोबीच्या सॉफ्टवेअरमधलं अ‍ॅनिमेशन जेसन (साध्या मजकुराची) फाइल म्हणून बाहेर येतं आणि अँड्रॉइड, आयओएस, वेब तिन्हीकडे चालतं. ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सेटिंग लावली आहे, त्यांच्यासाठी त्याच जागी स्थिर चित्र दाखवा. काहींना हलत्या स्क्रीनने खरोखर गरगरतं.

उत्पादन सांभाळणारी

मॉबिनचं नाव अजून कुणी घेतलं नाही. चालू अ‍ॅपचे स्क्रीनशॉट तिथे क्रमाने लावलेले असतात. नोंदणी, पासवर्ड विसरलो, सदस्यत्व रद्द करा, असे आडवळणाचे टप्पे इतरांनी कसे हाताळलेत ते बघायला मी वापरते. रंगरूपासाठी तिथे जाऊ नका, सगळी अ‍ॅप एकसारखी दिसू लागतात.

टेस्टर

माझं पहिलं साधन फोनच्या सेटिंगमध्येच आहे: अक्षरांचा आकार. अँड्रॉइड १४ पासून तो २०० टक्क्यांपर्यंत जातो. तिथवर नेऊन पैसे भरण्याची स्क्रीन उघडा, ‘पुढे’ हे बटण दिसतंय का पाहा. दुसरं, डेव्हलपर ऑप्शन्समधलं (सेटिंगमधल्या अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीच्या भागातलं), सोडलेली स्क्रीन लगेच बंद करणारं ‘डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’. ते लावून अर्धा भरलेला फॉर्म सोडा, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊन परत या. भरलेलं टिकतं की उडतं ते समजेल.

लोकांकडून चाचणी करून घ्यायची तर आयओएसवर टेस्टफ्लाइट हे अ‍ॅपलचं चाचणीचं साधन: बाहेरचे १०,००० जण जोडता येतात, एक बिल्ड (चाचणीसाठी दिलेली आवृत्ती) ९० दिवस चालतं. गूगल प्लेवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल, तर प्रकाशनाआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस बंद (निमंत्रितांपुरत्या) चाचणीत असावं लागतं. त्यामुळे माणसं आधीच गोळा करा. त्यांना नुसता दुवा पाठवू नका. एक काम नेमून द्या, जसं की ‘नवं खातं उघडा आणि फोटो बदला’, आणि करताना स्क्रीन रेकॉर्ड करायला सांगा. अँड्रॉइड ११ आणि आयओएस ११ पासून रेकॉर्डर फोनमध्येच असतो. बोट कुठे अडखळलं ते लोक लिहून कळवत नाहीत, रेकॉर्डिंगमध्ये दिसतं.