मदत हवी आहे: बाबा एबी, आई बी, मग मुलगा ओ कसा? (इंदूर)

माझ्या भाच्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, वय ९, रक्तगट ओ पॉझिटिव्ह आलाय. पण भाऊजी एबी आणि ताई बी, दोघंही पॉझिटिव्ह. एबीवाल्याकडून मुलाला ए किंवा बी यातलं एक जाणारच ना, मग ओ कुठून?

दुसऱ्या लॅबमध्ये तिघांचं परत केलं, तेच आलं. स्लाइडवर अँटी-ए, अँटी-बी दोन्हीत काहीच नाही, अँटी-डीमध्ये (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारं) मात्र लगेच गुठळ्या. (आजी लगेच "हॉस्पिटलात पोर बदललं का" करत बसली, तर त्या दिशेला कृपया जाऊ नका, चेहरा अगदी भाऊजींचा आहे.)

वाचलं की बॉम्बे ब्लड ग्रुप, जो १९५२ मध्ये मुंबईत सापडला, त्यात एच अँटिजेनच (लाल पेशींवरचा पाया, ज्यावर ए आणि बी तयार होतात) नसतो म्हणून साध्या टेस्टमध्ये ओ दिसतो, आणि अशा पेशंटला साधं ओ रक्त चढवलं तर जिवावर बेततं. सर्जनना सांगितलंय, ते म्हणाले आधी पक्कं करून आणा, तोवर तारीख नाही.

अँटी-एच टेस्ट (पेशींवर एच आहे का ते पाहणारी) आणि ओ सेल्स घेऊन रिव्हर्स ग्रुपिंग (मुलाचं सीरम ओ पेशींशी जुळतं का ते पाहणं), हे इंदुरात एमवाय हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत होतं का की सॅम्पल बाहेर पाठवावं लागतं, आणि आईबाबांचंही सॅम्पल सोबत द्यायचं का?