मातीचा थ्रीडी प्रिंटर: वाळतानाच तडे जातात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या पॉटरी स्टुडिओत मातीचा थ्रीडी प्रिंटर घेतलाय. स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजायची) माती जरा सैल मळून नळीत भरतो, नोझल 3 मिमीचं. उभट फुलदाण्या झकास येतात. पसरट थाळ्या मात्र वाळताना कडेने उचलल्या जातात आणि नेमका थरांच्या सांध्यावर तडा जातो. भट्टीत जायच्या आधीच, म्हणजे 573 अंश सेल्सिअसला मातीतल्या क्वार्ट्झचं आकारमान एकदम बदलतं, त्या भानगडीचा प्रश्नच नाही. चाकावर हीच माती मुकाट वागते!

प्लास्टिक झाकून सावकाश वाळवलं, थोडाच फरक पडला. ग्रॉग (भाजलेल्या मातीचा भरड चुरा) घातला की नोझल तुंबतं. विक्रेत्याचं एकच पालुपद, ‘हवेचा दाब वाढवा’. कागदाचा लगदा किंवा नायलॉनचे तंतू मिसळून कुणी छापलंय का? पाणी कमी करायला थोडं सोडियम सिलिकेट (कमी पाण्यातही माती सैल ठेवणारं) चालेल, की थर ढासळतील?